चाळीसच्या आत

"अंकुश घरी हाये का?" सोमाजी नैताम यांनी फोनवर सुनेला आधी हेच विचारलं.

"नाही मामाजी, ड्यूटीवर गेलाय."

"मंग बोलतो. दोन दिवस झाले, उठलो का गरगरते. काल हातातला गिलास सुटला. काही नाही, उनीचं असन."

शर्वरी म्हणाली, उन्हाचं नसेलही. एटापल्लीला जाऊन डॉक्टरला दाखवा. मी आजच अंकुशला सांगते, तो घेऊन जाईल.

"त्याले सांगू नोको," सोमाजी घाईने म्हणाले. "त्याचा आकडा वाढन."

सोमाजी येरमटोल्याला एकटेच राहत. वनरक्षक म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा हेलिकॉप्टर चालवतो म्हणजे नक्की काय करतो, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. पण मुलाचा आकडा कशाने वाढतो आणि चाळीसच्या वर गेला की काय होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. २०४१ साली गडचिरोली जिल्ह्यात ते बहुतेकांना ठाऊक होतं.

शर्वरीने त्या संध्याकाळी अंकुशला काही सांगितलं नाही.

*

आकडा देणाऱ्या यंत्रणेचं नाव होतं 'पारख'. ती कशी आली हे समजून घ्यायचं तर हेलिकॉप्टरच्या अपघातांचा आलेख पाहावा लागतो. शर्वरीचं कामच ते होतं. 'अरण्य हवाई रुग्णसेवे'त ती सुरक्षेची आकडेवारी सांभाळत होती आणि अंकुश तिथेच वैमानिक होता.

आलेख सुरुवातीला झपाट्याने खाली येतो. इंजिनं सुधारली. गिअरबॉक्सला तडा जाण्याआधीच त्याची बदललेली थरथर ओळखणारे सेन्सर आले. मग आलेख सपाट होतो आणि वर्षानुवर्षं सपाटच राहतो. उरलेले बरेचसे अपघात यंत्राचे नव्हते. धडधाकट हेलिकॉप्टर धुक्यात, ढगात किंवा अंधारात शिरायचं आणि डोंगराला लागायचं. परत फिरायला हवं हे वैमानिकाला कळत असायचं आणि तरी तो पुढे जायचा. रुग्ण नेणाऱ्या हेलिकॉप्टरांत हे फार. मागे स्ट्रेचरवर लहान मूल असलं की माणूस पुढे जातो.

म्हणून या कामात एक जुना नियम आहे. बोलावणं आलं की वैमानिकाला दोनच गोष्टी सांगायच्या, कुठून उचलायचं आणि कुठे न्यायचं. रुग्ण कोण, वय काय, किती गंभीर, हे सांगायचं नाही. त्याने हवा बघायची आणि हो किंवा नाही म्हणायचं. दुसरा नियम असा की वैमानिक, सोबतचा डॉक्टर आणि तळावरचा सुरक्षा अधिकारी यांच्यापैकी एकानेही 'नाही' म्हटलं तर उड्डाण होत नाही. कारण विचारलं जात नाही.

'पारख'ने यावर तिसरा नियम चढवला. ती हवामान बघे, गिअरबॉक्स ऐके आणि वैमानिकाच्या मनगटावरच्या पट्ट्यातून त्याचा आवाज ऐके. तिला शब्दांशी कर्तव्य नव्हतं. राग, धास्ती, अपुरी झोप यांनी स्वरतंतू आवळले जातात आणि आवाजात बारीक कंप येतो. कानाला तो कळत नाही, यंत्राला कळतो. कोणत्या कंपानंतर माणसं चुका करतात, हे 'पारख' जगभरच्या उड्डाणांच्या नोंदींवरून शिकली होती. नाडी तिने कमी महत्त्वाची धरली होती, कारण विदर्भातल्या उन्हात नाडी कशानेही वाढते. या सगळ्याचा मिळून एक आकडा यायचा. हुबेहूब अशी दहा लाख उड्डाणं झाली तर त्यांतली किती अपघातात संपतील? उत्तर चाळीसच्या आत असेल तर निघायचं. वर असेल तर विमा लागू नाही, म्हणजे उड्डाणही नाही.

पट्टा घरी आल्यावरही काढायचा नसे. संध्याकाळच्या भांडणाची चूक दुसऱ्या दिवशी होते, असं नोंदी सांगत होत्या.

'पारख' आल्यापासून तीन वर्षांत सेवेचा एकही अपघात झाला नव्हता.

*

घराघरांत जे झालं ते कोणत्याच अहवालात नव्हतं. शर्वरी-अंकुशची मुलगी ओवी गणितात नापास झाली तर ते बाबाच्या सुट्टीच्या दिवशीच सांगायची. शर्वरीच्या आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा जावयाला ते टाके निघाल्यावर कळलं. सेवेतला दुसरा वैमानिक, कॅप्टन वऱ्हाडपांडे, कँटीनमध्ये सांगायचा, "तीन वर्षं झाली, बायकोनं मला एकदाही गधा म्हटलं नाही. संसार टिकला का मोडला, काही कळूनच नाही राहिलं."

सगळे हसायचे. अंकुशही हसायचा, जपून.

पूर्वी तो भांडायचा. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात कूलर कोणत्या खिडकीत लावायचा यावरून दोघं चार दिवस भांडले होते आणि शेजारच्या काकूंनी त्यात दोन्ही बाजूंनी भाग घेतला होता. पट्टा आला आणि अंकुशने स्वतःला एक नवा आवाज लावून घेतला. सपाट, पुस्तकातल्यासारखा, एकेक शब्द नीट मांडून ठेवलेला. वडिलांशी बोलताना त्याच्या तोंडी यायची ती बोली या आवाजात नसायची. आकडा एकोणीस, वीस, फार तर बावीस.

सोमाजींच्या फोननंतर शर्वरी त्यांना रोज दुपारी फोन करत होती. एटापल्लीला जाऊन आलो, बीपीच्या गोळ्या दिल्या, असं त्यांनी सांगितलं. गरगरणं? "आता कमी हाये." रविवारी अंकुशला सुट्टी होती, तेव्हा सांगायचं असं तिने ठरवलं. रविवारी वऱ्हाडपांडेच्या घरी लग्न निघालं आणि अंकुशने त्याची ड्यूटी घेतली.

सोमवारी सकाळी तिच्या हातून चहात साखर घालायची राहिली. अंकुशने घोट घेतला.

"कसा झालाय?"

"छान झाला आहे."

तिने स्वतःचा कप तोंडाला लावला तेव्हा तिच्या लक्षात आलं. तोवर त्याने आपला संपवला होता.

"तुझं लक्ष नाही अलीकडे," तो म्हणाला. "काही झालं आहे का?"

"नाही रे. वार्षिक अहवाल आहे."

त्याने मनगटाकडे पाहिलं. "एकवीस," म्हणाला, पोराने मार्क सांगावेत तसं.

*

अहवालातही तिला एक गोष्ट सलत होती. सगळ्या वैमानिकांच्या आवाजातला ताण तीन वर्षं सारखा उतरत होता. ती तो आलेख घेऊन संचालकांकडे, ढोबळे सरांकडे गेली. ढोबळे हवाई दलातून निवृत्त झालेले, आवाज मोठा आणि मन साधारण मोकळं.

"बोलावणी दीडपट झालीत," ती म्हणाली. "माणसं तेवढीच. झोप कमी झालीय, ते पट्ट्यातच दिसतं. मग आवाज शांत कसे होतायत?"

"सवयीनं. अनुभवानं. त्यालाच प्रशिक्षण म्हणतात, मॅडम."

"ज्याला मार्क असतात ते पोरं पाठ करतात, सर. यंत्र कंप मोजतं हे कळल्यावर यांनी कंप गिळायला शिकून घेतलंय. ताण आहे तिथेच आहे."

"पण अपघात शून्य आहेत ना?"

"तीन वर्षांत आपली अडीच-तीन हजार उड्डाणं झाली. जुन्या दरानं, 'पारख' नसतानाही, एवढ्यात शून्य अपघात सहज आले असते. शून्य आलं म्हणजे आपण सुरक्षित झालो असं नाही. अजून काही कळलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ."

ढोबळे यांनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या महिन्यात मुंबईत आपला सत्कार आहे. तिथे उभं राहून मी काय सांगू? आम्हांला अजून काही कळलेलं नाही?"

"खरं तर तेच."

"तो परिच्छेद परिशिष्टात टाका," ढोबळे म्हणाले.

तिने टाकला. दुपारी तिची सुरक्षा टेबलावर पाळी होती, म्हणजे सुरक्षा अधिकाऱ्याचं हो-नाही तिच्याकडे होतं. नवरा-बायको एका पाळीत नसावेत, असा नियम करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

*

मोहाचे दिवस होते. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि आग कधी कधी हाताबाहेर जाते. त्या आठवड्यात एटापल्लीच्या बाजूच्या जंगलावर दुपारी रोज धूर साचत होता.

बोलावणं आलं ते कोडसेगावच्या आश्रमशाळेच्या मैदानावरून. आसपासच्या सगळ्या टोल्या-वाड्यांना उतरण्याजोगी तेवढी एकच जागा, त्यामुळे तिथले रुग्ण तिथेच आणत. काचेपलीकडच्या खोलीत अंकुशच्या पडद्यावर एवढंच उमटलं, कोडसेगाव ते गडचिरोली. शर्वरीच्या पडद्यावर बाकीचंही उमटलं. पुरुष, वय एकाहत्तर, उजवी बाजू लुळी, वाचा गेली, सुरुवात अर्ध्या-पाऊण तासापूर्वी. सोमाजी नैताम, येरमटोला.

तिने नाव पुन्हा वाचलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

रुग्ण नात्यातला असेल तर वैमानिक बदलायचा, असं नियमात होतं. वऱ्हाडपांडे दुसरं हेलिकॉप्टर घेऊन नागपूरला गेला होता. तो परत येऊन, तेल भरून निघेपर्यंत दोन-अडीच तास जाणार. मेंदूत गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी स्कॅन करावा लागतो. तिने अंकुशला सांगितलं तर त्याचा आकडा चाळीसच्या वर जाणार आणि हेलिकॉप्टर निघणार नाही. नाही सांगितलं तर निदान डॉक्टर तरी तिथे पोचणार होता.

काचेपलीकडून अंकुशने तिच्याकडे पाहिलं. कोडसेगाव म्हणजे त्याच्या वडिलांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तरी त्याने विचारलं नाही. न विचारणंही नियमातच होतं.

"धूर आहे, पण मैदानावर अडीच किलोमीटर दिसतंय," तो माइकवर म्हणाला. "माझं हो."

"हो," डॉ. फिरदोस शेख म्हणाल्या. त्या आधीच बॅग घेऊन निघाल्या होत्या. रुग्णाचं नाव त्यांच्याकडे जात नसे, फक्त लक्षणं जात.

पडद्यावर आकडा तेहतीस.

"हो," शर्वरी म्हणाली.

*

उतरेपर्यंत आकडा चौतिसाच्या पुढे गेला नाही. मग एकदम एकसष्ट झाला. काय घडलं हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

ढोबळे धावत तिच्या टेबलामागे येऊन उभे राहिले. "एकसष्ट? कशानं?"

ती काही बोलायच्या आत रेडिओ खरखरला.

"तळ, कोडसेगावहून बोलतो आहे." आवाज सपाट. "रुग्ण माझे वडील आहेत."

"माहीत आहे," शर्वरी म्हणाली.



"तुला माहीत होतं."

"हो."

"ठीक आहे," अंकुश म्हणाला.

आणि त्याने उड्डाणापूर्वीची तपासणी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तेल ठीक. दाब ठीक. तापमान ठीक. स्ट्रेचर बांधलं आहे. प्रत्येक शब्द सुटा, धुऊन वाळत घातल्यासारखा. पडद्यावरचा आकडा उतरू लागला. पंचावन्न. एकोणपन्नास. अंकुश यंत्र तपासत नव्हता, आकडा खाली आणत होता. तीन वर्षं तिने हे स्वयंपाकघरात ऐकलं होतं. जेवढं आतून जास्त, तेवढा आवाज स्वच्छ. साखर नसलेला चहा पिऊन 'छान झाला आहे' म्हणणारा आवाज हाच.

त्रेचाळीस. चाळीस. अडतीस.

"आकडा अडतीस," अंकुश म्हणाला. "मैदानावर दोन किलोमीटर दिसतं आहे, नियमात बसतं. माझं हो आहे."

"माझंही," डॉ. फिरदोस म्हणाल्या. "लवकर करा."

"अडतीस आहे," ढोबळे हळूच म्हणाले. "म्हणा हो."

कोडसेगाव आणि गडचिरोलीच्या मध्ये डोंगराची एक रांग आहे आणि तिला एकच खिंड. मैदानावर उभं राहिलं की ती लांब उत्तरेला दिसते, दोन टेकड्यांमधली खाच. हेलिकॉप्टरच्या नाकावरचा कॅमेरा मैदानावरचा धूर मोजतो. खिंडीपर्यंत त्याची नजर जात नाही. तिथे वैमानिकाचे डोळे लागतात, आणि त्या डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगणारं तोंड.

"अंकुश," ती म्हणाली, "खिंड दिसते का?"

"दृश्यमानता दोन किलोमीटर आहे."

"मी खिंडीचं विचारलं."

"आकडा बघ ना. अडतीस आहे. आता सदतीस आहे."

"आकडा माझ्यासमोर आहे. मी तुला विचारतेय. खिंड दिसते?"

अंकुश पुन्हा तपासणी वाचू लागला. तेल ठीक. दाब ठीक.

"शर्वरी," ढोबळे म्हणाले. पहिल्यांदाच 'मॅडम' नाही म्हणाले. "सासरे आहेत ते तुमचे. अडतीस आहे आकडा."

तिला स्ट्रेचरवरचे सोमाजी दिसत होते. तिच्या सांगण्यावरून ते आठवडाभर गोळ्या घेत होते. एका शब्दावर ते अर्ध्या तासात गडचिरोलीला आले असते. तो शब्द म्हणायला यंत्राची परवानगी होती, डॉक्टरची होती, साहेबांची होती.

"माझं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"सुरक्षा अधिकाऱ्याचं मत नाही. उड्डाण नाही."

मग रेडिओवरून जो आवाज आला तो त्या खोलीत कोणी ऐकलेला नव्हता.

"बाप हाये माहा! समजते का तुले? तोंड वाकडं झालं त्याचं, तो माह्याकडं पाहून राहिला, अन् तू तिथं खुर्चीवर बसून नाही म्हणते? आधी सांगतलं नाही, आता जाऊ देत नाही! कोण आहेस तू? अं? कोण आहेस?"

आकडा पंचेचाळीस, अठ्ठावन्न, बहात्तर. तिने तो बघायचं सोडून दिलं.

"ओरड," ती म्हणाली. "ओरडून झालं की सांग. खिंड दिसते का?"

तो ओरडला. शब्द खरखरीत विरून गेले. मग पात्यांचा आवाज हळूहळू बसत गेला. त्याने इंजिन बंद केलं होतं.

"नाही दिसत," अंकुश म्हणाला. "उतरलो तवापासून नाही दिसत. टेकड्याही नाही दिसत."

"बरं."

"मी जाणार होतो, शर्वरी."

"माहीत आहे," ती म्हणाली. "जीप मागवलीय. डॉक्टरांना मामाजींसोबत बसव. तूही बस. अहेरी जवळ पडेल."

*

आरोग्य केंद्राची जीप सोमाजींना घेऊन अहेरीला निघाली. डॉ. फिरदोस वाटभर रक्तदाब सांभाळत होत्या आणि फोनवरून तिथल्या रुग्णालयात स्कॅनची तयारी करून घेत होत्या. अंकुशने वडिलांचं डोकं मांडीवर धरलं होतं. रस्ता उकरलेला होता. इंजेक्शन मिळालं ते अगदी शेवटाशेवटाला.

सोमाजी वाचले. उजवा पाय हळूहळू उचलू लागला, हात उचलला नाही. शब्द परत आले ते वाकडेतिकडे, काही गाळून.

संध्याकाळच्या उपग्रहाच्या चित्रात खिंड धुराने भरलेली दिसत होती. तशातही हेलिकॉप्टर निघालं असतं तर ते नक्की पडलं असतं, असं शर्वरी कोणाला म्हणाली नाही. कदाचित सुखरूप पोचलं असतं आणि सोमाजींचा हातही वाचला असता. दहा लाख वेळा जाऊन बघता येत नाही. एकदाच जाता येतं, किंवा न जाता येतं.

सेवेच्या नोंदीत त्या दिवशीचं काम 'रुग्ण रस्त्याने रवाना' एवढंच राहिलं. अपघात शून्य. ढोबळे यांनी रेडिओचं रेकॉर्डिंग दार लावून ऐकलं, मग शर्वरीला बोलावलं.

"तुमचा तो परिच्छेद. परिशिष्टातून काढा."

"काढून टाकू?"

"पहिल्या पानावर घ्या. आणि अडतीसचं लिहा त्यात." ते खिडकीकडे बघत होते. "तुम्ही रुग्णाचं नातं लपवलं, त्याची नोटीस मात्र निघेल. ती मला काढावीच लागेल."

"काढा, सर."

*

दवाखान्यातून सोमाजींना गडचिरोलीला घरीच आणलं. पुढच्या खोलीत त्यांची खाट टाकली. अंकुश पुन्हा ड्यूटीवर जाऊ लागला. रेडिओवरच्या त्या दुपारबद्दल दोघं बोलली नव्हती. त्याचा आवाज पुन्हा नीट घडी घातल्यासारखा झाला होता. आकडा बावीस, तेवीस.

शर्वरीला ते फार दिवस सोसलं नाही. एका संध्याकाळी ओवी शिकवणीला गेली होती आणि अंकुश दुसऱ्या दिवशीचा गणवेश इस्त्री करत होता.

"उद्या ड्यूटी आहे तुझी," ती म्हणाली. "तरी आज सांगते. त्या दिवशी नाव वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, असं नाही. मामाजींचा फोन आठवडाभर आधी आला होता. गरगरतंय म्हणून. हातातून गिलास पडला म्हणून."

इस्त्री थांबली.

"आठवडाभर?"

"तुला सांगू नको म्हणाले. तुझा आकडा वाढेल म्हणून. आणि मी ऐकलं."

"आठवडाभर तू मला रोज डबा देत होतीस," अंकुश म्हणाला. अजून तो सपाटच बोलत होता. "मी तुला विचारलं होतं, काही झालं आहे का. तू म्हणालीस—"

"अहवाल म्हणाले."

"अहवाल!" आणि आवाज फाटला. "अहवाल म्हणे! माह्या बापाचा हात गेला, अन् तू अहवाल! मी घेऊन गेलो असतो त्याले. त्याच दिवशी. खांद्यावर घालून नेलं असतं!"

"नेलं असतंस! कधी? या घरात तुला काही सांगायला मुहूर्त लागतो! पोरगी नापास झाली तर कॅलेंडर बघते! माझी आई ऑपरेशनच्या टेबलावर होती, आणि मी तुला बटाट्याची भाजी वाढत हसत होते!"

"मी सांगितलं होतं का हसाले?"

"मनगटाकडे बघून सांगत होतास! रोज!"

पट्टा थरथरू लागला. त्यावर लाल दिवा लागला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. इस्त्री गणवेशावर तशीच राहिली आणि खांद्यापाशी करपल्याचा वास सुटला, तेव्हा दोघं एकदमच तिच्याकडे झेपावली आणि मग त्यावरूनही भांडली. कूलरचा विषय निघाला. शेजारच्या काकूंचा टीव्ही बंद झाला.

पुढच्या खोलीतून सोमाजी काहीतरी म्हणत होते. अंकुश दारात गेला.

"तिले नोको," सोमाजी म्हणाले. जीभ अडखळत होती. "मी. मी सांगलं होतं... नोको म्हून."

"मंग तुमच्याशीही भांडतो," अंकुश म्हणाला. "थांबा तुम्ही. तुमचा नंबर हाये पुढे."

सोमाजींनी डाव्या हाताने उशी सरळ केली आणि तयारीने बसले.

*

सकाळी फोनवर संदेश होता. आकडा अठ्ठावन्न. आज उड्डाण नाही. ढोबळे यांचाही फोन येऊन गेला होता. ते एवढंच म्हणाले की वऱ्हाडपांडे येतोय, झोपा.

अंकुश झोपला नव्हता. डोळे सुजलेले, बनियनवर तो ओट्यापाशी उभा होता. शर्वरीने त्याच्यापुढे कप ठेवला. तिचेही डोळे तसेच होते. दोघांत अजून काहीच मिटलं नव्हतं. नोटीस यायची होती. सोमाजींना दहा वाजता व्यायामाला न्यायचं होतं.

त्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"पाणचट झाला," तो म्हणाला. "अन् साखर कुठं हाये यात?"

"डबा तुझ्या हाताशीच आहे," शर्वरी म्हणाली. "घाल की."